वाळूवरील फिर्याद

केरळच्या किनाऱ्यावर, आलप्पुळ जिल्ह्यातील पुरक्काडपासून कोल्लमनजीकच्या शक्तिकुळंगरपर्यंत, सुमारे पंचावन्न किलोमीटर लांबीची आणि जेमतेम अर्धा किलोमीटर रुंदीची जी चिंचोळी पट्टी समुद्र आणि खाजणाच्या मधोमध पसरली आहे, तिची कीर्ती आणि अपकीर्ती या दोन्ही गोष्टी एकाच पदार्थातून उत्पन्न झाल्या आहेत. तो पदार्थ म्हणजे तेथील काळसर वाळू, जिला तिथले लोक ‘करिमणल’ म्हणतात. 1909 साली शॉम्बर्ग नावाच्या एका जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोर संस्थानातून परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूच्या कणांत मोनाझाइट हे खनिज आढळले, आणि त्यातील थोरियम गॅसबत्तीच्या मँटलसाठी अत्यावश्यक असल्यामुळे मासेमारीवर आणि नारळावर गुजराण करणाऱ्या या गरीब किनाऱ्याकडे व्यापाऱ्यांची दृष्टी वळली. पुढे 1950 साली ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ज्या वाळूत मुले किल्ले बांधीत होती ती वाळू राष्ट्राच्या अणुशक्तीच्या आराखड्यात दाखल झाली. ही झाली कीर्ती. अपकीर्ती अशी की, ज्या थोरियममुळे वाळूला मोल आले त्याच थोरियममुळे ती अहोरात्र किरणोत्सर्ग करीत असते, आणि थोरियमचे अर्धायुष्य सुमारे चौदाशे कोटी वर्षांचे असल्याने, कोणत्याही पिढीने कितीही वाट पाहिली तरी तो आपोआप ओसरेल अशी आशा करण्यास जागा नाही.

मी मूळची रत्नागिरीची. मांडवीच्या काळ्या वाळूत माझे बालपण गेले, परंतु तो काळेपणा इल्मेनाइटचा असून त्याच्याबद्दल कोणाच्या मनात कसली भीती असल्याचे मला स्मरत नाही. त्यामुळे मुंबईत बालरोगांचे शिक्षण संपवून मी जेव्हा कोल्लमला नवजात बालकांच्या तपासणीच्या कामावर रुजू झाले, तेव्हा माडांची तीच दाटी, जांभ्याची तीच घरे आणि पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर उमटणारे तेच काळे पट्टे पाहून मला परक्या प्रांतात आल्यासारखे वाटले नाही. परकेपणा होता तो मापनयंत्राने दाखविलेल्या आकड्यांत. एका घरात वर्षाकाठी एक मिलिग्रेहूनही कमी मात्रा, त्याच्या कुंपणापलीकडच्या घरात तिच्या कित्येक पट, आणि काही मोजक्या ठिकाणी 45 मिलिग्रेपर्यंत मजल. अणुकेंद्रातील कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्टची मर्यादा घालून दिलेली असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या अंगणात रांगणारे मूल पाहून क्षणभर तरी अस्वस्थ वाटल्यावाचून राहत नाही.

वाळूवर पहिली जाहीर फिर्याद 1976 साली दाखल झाली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील कोचुपिल्लै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे प्रसिद्ध केले की, या पट्टीतील सुमारे तेरा हजार लोकांच्या पाहणीत डाऊन सिंड्रोमची बारा माणसे आढळली आणि तुलनेसाठी घेतलेल्या सुमारे सहा हजार लोकांच्या दुसऱ्या गटात एकही आढळले नाही. त्या लेखाचा गाजावाजा झाला आणि त्यावर आक्षेपही आले. मला स्वतःला त्या बारांपेक्षा त्या शून्याचेच नेहमी अधिक नवल वाटत आले. डाऊन सिंड्रोम जगाच्या पाठीवर सर्वत्र, साधारणतः सातशे ते हजार जन्मांमागे एक, या प्रमाणात आढळतो. त्याचे प्रमाण आईच्या वयाबरोबर झपाट्याने वाढते, आणि असे मूल पूर्वीच्या काळी बहुधा बालपणीच दगावत असल्यामुळे जिवंत असलेल्यांची शिरगणती करून जन्मलेल्यांचा हिशेब लागत नाही. ज्या गटात असे एकही मूल सापडत नाही तो गट निर्दोष आहे, का त्याची मोजणी अपुरी आहे, हा प्रश्न अनुत्तरित ठेवून वाळूला दोषी ठरविणे म्हणजे एकाच बाजूची साक्ष ऐकून निवाडा देण्यासारखे होते.

दुसऱ्या बाजूची साक्ष काढावयाची तर तिला एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे जन्मणाऱ्या प्रत्येक बालकाची, ते जिवंत असो वा मृत, सुदृढ असो वा सव्यंग, काळ्या वाळूवरचे असो वा तिच्यापासून दूरच्या गावचे, एकाच पद्धतीने तपासणी करणे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कोल्लम येथील प्रयोगशाळेने 1995 सालापासून तेथील सरकारी रुग्णालयांच्या साहाय्याने हे काम हाती घेतले. केरळात प्रसूती बहुतेक रुग्णालयातच होते, ही या कामाला लाभलेली मोठीच अनुकूलता होय. प्रसूती घरोघर होत असत्या, तर असे दप्तर उभे राहणे दुरापास्त होते.

या मोजणीचे स्वरूप बाहेरच्या माणसाला कंटाळवाणे वाटेल. बाळाच्या डोक्याचा घेर मोजावयाचा, टाळू चाचपून पाहावयाची, ओठ आणि तोंडातील पडदा दुभंगलेला नाही याची खात्री करून घ्यावयाची, हातापायांची बोटे एकेक करून मोजावयाची, त्याला पालथे घालून पाठीच्या कण्यावरून मानेपासून माकडहाडापर्यंत बोट फिरवावयाचे, मांड्यांचे सांधे आणि पावलांची ठेवण तपासावयाची, हृदयाचे ठोके ऐकावयाचे, आणि मग छापील तक्त्यात आईचे वय, हे कितवे गरोदरपण, पूर्वी गर्भपात झाले काय, नवराबायकोचे आपसात रक्ताचे नाते आहे काय, बापाचा धंदा कोणता, मुक्काम कुठे, असा सारा तपशील भरावयाचा. सव्यंग बालक क्वचितच दृष्टीस पडे. दिवसचे दिवस निरोगी बालकांच्या तक्त्यांत जात, आणि आमच्याकडे नव्याने येणाऱ्या तरुण डॉक्टरांना हे निरोगी तक्ते भरण्याचा पहिल्या महिन्यातच कंटाळा येई. परंतु ज्याला हजारी प्रमाण काढावयाचे आहे त्याला व्यंगांचा आकडा जितका मोलाचा तितकाच त्याखालचा छेदही मोलाचा, आणि तो छेद निरोगी बालकांचाच बनलेला असतो. एका बाळंतिणीने मला रागाने विचारले होते, “डॉक्टर, माझ्या लेकराला काही झालेलं नाही, मग त्याला का उघडंनागडं करता?” शेजारच्या वयस्क परिचारिकेने माझ्याआधीच तिला सांगितले, “काही झालेलं नाही, हेच लिहून घ्यायचंय त्यांना.” माझ्या शास्त्रीय खुलाशाची मग गरजच उरली नाही.

इतकी बालके मोजण्याचा खटाटोप कशासाठी, असे मुंबईचे माझे स्नेही विचारीत. उत्तर साध्या अंकगणितात आहे. एखादे व्यंग हजारी एक या प्रमाणात आढळत असेल, तर एक हजार बालकांत ते कधी शून्य दिसेल, कधी एक, कधी तीन, आणि या चढउतारात किरणोत्सर्गाचा हात आहे की निव्वळ योगायोगाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते प्रमाण दीडपट झाले असल्यास तेवढा फरक खात्रीने ओळखण्यासाठी दोन्ही बाजूंना अनेक दशसहस्र बालके लागतात. हिरोशिमा आणि नागासाकीत 1948 ते 1954 या काळात जेम्स नील आणि विल्यम शल यांनी जी पाहणी केली तिच्यामागे हेच गणित होते. युद्धोत्तर जपानात गरोदर स्त्रीला पाचव्या महिन्यापासून जादा शिधा मिळत असे, आणि त्यासाठी तिला नाव नोंदवावे लागे. शिध्याच्या याच नोंदींचा आधार घेऊन त्यांनी सुमारे सत्याहत्तर हजार नवजातांपर्यंत आपली यंत्रणा पोहोचविली. स्फोटातून वाचलेल्यांच्या पोटी नंतर जन्मलेल्या बालकांत व्यंगांची स्पष्ट वाढ त्यांना आढळली नाही. स्फोटाच्या समयी जी बालके गर्भात होती, विशेषतः आठव्या ते पंधराव्या आठवड्यांत होती, त्यांच्यापैकी कित्येकांची डोकी मात्र लहान राहिली आणि बुद्धी खुंटली. आईबापांच्या बीजावर झालेला परिणाम आणि गर्भावर थेट झालेला परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा विवेक या क्षेत्रातील प्रत्येकाने तेथूनच घेतला आहे.

हा विवेक कोल्लमच्या प्रसूतिगृहात आणताना आम्हांला एक अडचण आली, जी कोणत्याही मराठी बाईच्या चटकन ध्यानात येईल. तक्त्यात मुक्कामाचा रकाना एकच, आणि बाईची घरे दोन. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते, रुग्णालयात माहेरचा पत्ता सांगते, आणि कारकून तोच लिहून मोकळा होतो. पण बाळाचे अवयव घडतात ते तिसऱ्या ते आठव्या आठवड्यांत, म्हणजे ती सासरी असताना. उलट जे स्त्रीबीज फळले ते तिच्या देहात तिच्या जन्मापासूनच होते आणि त्याने माहेरच्या अंगणातला किरणोत्सर्ग वीस-पंचवीस वर्षे सोसलेला असतो. माहेर काळ्या वाळूवर आणि सासर पाच कोस आत, किंवा याच्या उलट, अशी उदाहरणे पदोपदी भेटत. म्हणून लग्नापूर्वी कुठे राहत होतीस, दिवस गेले तेव्हा कुठे होतीस, आणि आता कोठून आलीस, असे तीन प्रश्न मी निराळे विचारू लागले, आणि त्यांची उत्तरे देता देता बायका जे आणखी सांगत, म्हणजे सासूशी पटत नाही म्हणून चौथ्या महिन्यातच आले, नवरा आखाती देशात आहे म्हणून माहेरीच असते, ते सारे कागदावर येत नसले तरी मात्रेचा हिशेब त्यामुळेच खरा होत असे.

कालांतराने दुसरी एक अडचण उत्पन्न झाली, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. सोनोग्राफीचा प्रसार झाल्यावर मेंदू न घडलेले किंवा कणा उघडा राहिलेले गर्भ अठराव्या-विसाव्या आठवड्यातच ओळखू येऊ लागले, आणि त्यांपैकी अनेक गर्भपाताच्या कायद्यानुसार तेथेच थांबविले जाऊ लागले. 2021 सालच्या दुरुस्तीनंतर तर गंभीर व्यंगाच्या बाबतीत वैद्यकीय मंडळाच्या संमतीने चोवीस आठवड्यांनंतरही तशी मुभा आहे. त्या मातापित्यांच्या निर्णयाबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. परंतु जन्मांचेच दप्तर ठेवणाऱ्याच्या दृष्टीने या व्यंगांचा आकडा घटतो आणि ती घट प्रतिबंधामुळे झाली असा भास होतो. यापुढे जो कोणी अशी पाहणी करील त्याने प्रसूतिगृहाच्या दारात न थांबता सोनोग्राफीच्या खोलीतही आपले दप्तर उघडले पाहिजे.

आता या सर्व मोजणीतून निघाले काय? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात सुमारे एक लाख एकेचाळीस हजार नवजातांचा हिशेब आहे. मोठी जन्मजात व्यंगे हजारी दहाच्या किंचित आत, मृतजन्म हजारी चारांहून थोडे अधिक, आणि आईचे वय, गरोदरपणाचा क्रम, नात्यातील विवाह इत्यादी गोष्टी विचारात घेतल्यावर किरणोत्सर्गाच्या वाढत्या मात्रेबरोबर व्यंगे वाढत जातात असे दिसले नाही. सर्वांत अधिक आढळले ते वळलेले पाऊल, ज्याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. ते काळ्या वाळूच्या भागात हजारी सुमारे 3.3 आणि इतरत्र सुमारे 2.3 असे निघाले. हा फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही. पण वाळू अपराधी असती तर मात्रेच्या पायऱ्या चढत जाताना पावलांचे प्रमाणही चढत गेले असते, आणि तसा स्पष्ट क्रम आढळला नाही. तिरुवनंतपुरमच्या विभागीय कर्करोग केंद्राने करुनागप्पळ्ळी तालुक्यात जी दीर्घकालीन पाहणी केली आणि जिचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले, तिच्यातही या किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. विज्ञानाच्या दरबारात ‘पुरावा मिळाला नाही’ हे वाक्य वजनदार आहे आणि त्याचे वजन मोजलेल्या बालकांच्या संख्येतून आलेले आहे. मात्र त्याचा अर्थ आरोपी कायमचा निर्दोष सुटला असा घेणे जितके उतावळेपणाचे, तितकेच त्यात काहीतरी दडविले आहे असे मानणेही अन्यायाचे होय.

पण हे वाक्य घेऊन मी एका आईपुढे उभी राहिले तेव्हा त्याचे वजन कुठल्याकुठे गेले. आलप्पाडकडच्या एका कोळ्याच्या घरातली ती मुलगी. पहिलाच मुलगा, आणि दोन्ही पावले आत वळलेली. तिची सासू माझ्याकडे न पाहता म्हणाली, “वाळूनं केलं.” मी माझ्या मोडक्यातोडक्या मल्याळममध्ये तिला सांगू लागले की, असे पाऊल जगात सगळीकडे आढळते, वाळू नसलेल्या गावीही आढळते, निश्चित कारण सांगता येत नाही. ती बाळंतीण सारे ऐकून घेऊन म्हणाली, “अम्मा म्हणते ते खरं असेल किंवा तुम्ही म्हणता ते. हा चालेल का, एवढं सांगा.” या प्रश्नाचे उत्तर सुदैवाने माझ्याजवळ होते. पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतील आयोवा येथे विकसित केलेल्या पद्धतीने, जन्मानंतर लौकरच सुरुवात करून दर आठवड्याला हलक्या हाताने पाऊल थोडे थोडे सरळ करीत प्लास्टर घालावयाचे, बहुधा शेवटी टाचेची शीर बारीक छेद देऊन सैल करावयाची, आणि मग चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना पट्टीला जोडलेले बूट वापरावयाचे, एवढ्यावर बहुतेक मुले धावू लागतात. खर्च फार नाही. लागते ती चिकाटी, आणि दर आठवड्याला रुग्णालयात येण्याइतकी बापाच्या रोजंदारीतून सवड. तिने उपचार शेवटपर्यंत नेला.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक विचार पक्का होत गेला. फिर्यादीत ज्याला आपण फिर्यादी समजतो त्या आईची मागणी आरोपीला शिक्षा व्हावी अशी नसतेच. तिला तिच्या मुलापुरती नुकसानभरपाई हवी असते, आणि पुढच्या मुलापुरती हमी. हिरोशिमातील ती पाहणी चालविणाऱ्या अमेरिकी आयोगावर जपानी लोकांचा वर्षानुवर्षे हाच रोष होता की, हे आम्हांला तपासतात पण औषध देत नाहीत. ज्याची मोजणी करावयाची त्याला काही देणे लागतो, ही जाणीव नसलेले दप्तर कितीही अचूक असले तरी ते ज्यांच्याविषयी आहे त्यांना परकेच राहते.

आणि हमीच्या बाबतीत तर निवाड्याची वाट पाहण्याचे काही कारणच नाही. गर्भाच्या कण्याची नलिका गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी मिटून जाते, म्हणजे पाळी चुकल्याची शंका येऊन बाई दवाखान्यात येईतो जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. 1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने पुराव्यानिशी दाखवून दिले की, पूर्वी असे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर हे व्यंग पुन्हा होण्याचा धोका सुमारे बहात्तर टक्क्यांनी कमी होतो. सर्वसाधारण स्त्रीला दिवसाला 400 मायक्रोग्रॅम पुरतात. म्हणून गोळी गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत हाती देणे ही उशिराची तजवीज ठरते. ती लग्नाच्या आधीपासून, शाळेत आणि अंगणवाडीतून सुरू झाली पाहिजे. रुबेलाची लस, थायरॉईडची तपासणी, मधुमेह आवरून मग गर्भधारणा, फिटच्या औषधांची वेळेवर फेरतपासणी, या साऱ्या गोष्टी वाळू काळी असो वा पांढरी, सारख्याच उपयोगी पडतात. आपल्या पालघरात फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, त्यात जन्मजात व्यंगांना पहिले स्थान दिलेले आहे आणि शोधून काढलेल्या बालकाला उपचारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी शासनाने पत्करली आहे. शोध आणि उपचार एका कागदावर आणण्याची ही दृष्टी मला किरणोत्सर्गाच्या कित्येक विद्वत्तापूर्ण परिषदांत आढळली नव्हती.

युक्रेनचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. चेर्नोबिलच्या किरणोत्सर्गाचा उपसर्ग पोहोचलेल्या रिव्ने प्रांतात व्लादिमीर वेर्तेलेत्स्की यांच्या पुढाकाराने 2000 सालापासून नवजातांची नोंद सुरू झाली, आणि प्रांताच्या उत्तरेकडील पोलेसिया या दलदलीच्या भागात कण्याची व्यंगे दहा हजारी 27 आणि दक्षिणेकडे सुमारे 18 असल्याचे दिसून आले. दोष सीझियमचा, का मद्यपानाचा, का आहारातील फॉलिक ॲसिडच्या तुटीचा, का एकाच भागातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकींचा, यावर वाद चालू राहिला. परंतु पिठात फॉलिक ॲसिड मिसळावे ही मागणी वादाच्या निकालावर अवलंबून नव्हती, आणि तेथील पाहणी करणाऱ्यांनी ती मोजणीच्या बरोबरीने मांडली.

म्हणून यापुढे अशा प्रदेशात, मग तो निसर्गाने किरणोत्सर्गी केलेला असो वा माणसाने, जो कोणी जन्मांचे दप्तर उघडील त्याला माझी एवढीच विनंती आहे की, त्याने प्रत्येक पानावर मात्रेच्या आणि व्यंगाच्या रकान्यांशेजारी तिसरा एक रकाना आखावा आणि त्यात ‘पुढे काय केले’ याची नोंद तारखेनिशी ठेवावी: प्लास्टर कोणत्या दिवशी चढले, हृदयाची शस्त्रक्रिया कोठे झाली, आईला पुढच्या खेपेसाठी गोळ्या केव्हा दिल्या. पहिल्या दोन रकान्यांचा अर्थ लावण्यास संख्याशास्त्राला आणखी एक पिढी लागली तरी चालेल, कारण थोरियमला कसलीच घाई नाही. तिसरा रकाना त्याच महिन्यात भरला गेला नाही, तर त्या पानावरच्या बालकापुरते ते दप्तर निष्फळ ठरले असे मी समजते, आणि वार्षिक अहवालात त्या रिकाम्या जागांचीही संख्या इतर आकड्यांच्या जोडीने छापली जावी असे माझे मत आहे.